होळकरांची खासगी

1734 साली थोरल्या बाजीराव पेशव्यांनी आपले सरदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ‘खासगी’ म्हणून एक जहागीर करून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न होते सुमारे तीन लाख रुपये. मल्हाररावांनीच ती मागून घेतली होती आणि या मागणीत मोठी दूरदृष्टी होती. सरंजाम म्हणजे फौजेच्या खर्चासाठी सरदाराला लावून दिलेला मुलूख; त्याच्या उत्पन्नातून घोडदळ पोसायचे, मोहिमा चालवायच्या, पुणे दरबाराला हिशेब द्यायचा. मर्जी फिरली तर सरंजाम जप्तही होई. खासगी या सगळ्यापासून वेगळी. ती होळकरांच्या घरातल्या बाईची.

1761 मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. 1766 मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी पेशव्यांचे काका राघोबादादा यांना हाताशी धरून दौलत ताब्यात घेण्याचा डाव मांडला. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा कारभार मान्य केला, म्हणून हा डाव फसला.

पुढची जवळपास तीस वर्षे फौज मल्हाररावांचे विश्वासू सरदार तुकोजी होळकर यांच्याकडे आणि कारभार राजधानी महेश्वरला बाईंकडे, अशी वाटणी राहिली. तुकोजींची छावणीतून पैशासाठी सतत मागणी असे. बाई आधीच्या रकमेचा हिशेब मागत. दोघांच्या पत्रव्यवहारात कटुता लपत नाही. पण बाईंचा हिशेबाचा आग्रह रास्तच होता. लढाईच्या खर्चाला तळ नसतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले होते.

त्यांचा दानधर्म चालला तो प्रामुख्याने या खासगीच्या बळावर. 1780 च्या सुमारास काशी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे राहिले. सोमनाथ, गयेचे विष्णुपद, काशीचे घाट, ठिकठिकाणच्या विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे… यातले कितीतरी काम होळकरांच्या राज्याबाहेरचे, जिथे त्यांची सत्ता नव्हती, फक्त पैसा पोचत होता. बांधून सोडून देण्याचा प्रकारही नव्हता. पूजेअर्चेला, अन्नछत्राला, डागडुजीला वर्षासनांची, म्हणजे ठरलेल्या वार्षिक रकमांची, सोय लावलेली असे. वास्तूंची भव्यता सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. वर्षानुवर्षे दिवाबत्ती चालू ठेवणारी ही तजवीज मात्र फारसे कुणी सांगत नाही.

दुसऱ्या बायकांच्या पैशाबाबतही त्यांची नजर स्वच्छ होती. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने 1823 च्या आपल्या ग्रंथात एक हकीकत दिली आहे. खरगोणच्या सावकार घराण्यातल्या विधवा आपली संपत्ती त्यांना अर्पण करायला आल्या. बाईंनी ती खजिन्यात घेतली नाही; तुमच्या नावाने लोकांच्या उपयोगी कामाला लावा, असे सुचवले. निपुत्रिकाच्या मालमत्तेवर सरकारचा डोळा असण्याच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

1795 मध्ये अहिल्याबाई गेल्या. खासगी टिकली. 1948 मध्ये मध्य भारत संघ झाल्यानंतर खासगीची मिळकत सरकारकडे गेली आणि तिच्या बदल्यात दरसाल 2,91,952 रुपये कायमचे बाजूला काढण्याचे ठरले. 1962 मध्ये देवळे, घाट, धर्मशाळा सांभाळण्यासाठी न्यास झाला. त्याच्या काही मिळकती विकल्या गेल्यावरून खटले उभे राहिले, आणि जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची रीतसर नोंदणी झाली पाहिजे.