कायापालटाची कुळकथा

२९ ऑक्टोबर १९६६ची शनिवारची संध्याकाळ. बीबीसीवर एक म्हातारा जमिनीवर कोसळला, त्याचा चेहरा उजेडात विरून गेला आणि उजेड निवळला तेव्हा त्या जागी दुसराच माणूस पडलेला होता. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा नायक बदलला होता आणि ते लपवायच्या भानगडीत कोणी पडलंच नव्हतं. नट बदलला ही अडचण गोष्टीच्या आतच घेऊन टाकायची ही युक्ती आज साठीच्या घरात आहे. तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. तिचं भांडवल मात्र अगदी साधं होतं: एक आजारी नट, मालिका बंद पडू द्यायची नाही असं ठरवलेला निर्माता, आणि स्टुडिओतलं थोडं बिघडलेलं एक यंत्र.

मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. पहिला भाग त्या बातम्यांत बुडाला, म्हणून पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन कॅनडाहून आलेले. त्यांना शनिवारी फुटबॉलचे निकाल आणि पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम यांमधली फट बुजवायची होती, ती सुद्धा घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून ठेवेल अशा कशाने तरी. निर्माती म्हणून त्यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट या अठ्ठावीशीही न गाठलेल्या बाईंना नेमलं. पहिल्या कथेचं दिग्दर्शन केलं वारिस हुसेन यांनी. ते मूळचे लखनौचे, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. एक बाई आणि एक हिंदुस्थानी तरुण, दोघंही विशीतले. त्या काळच्या बीबीसीत हे दृश्य किती जणांच्या भुवया उंचावणारं असेल ते सांगायला नको.

डॉक्टरच्या भूमिकेत आले विल्यम हार्टनेल, वय ५५. तोवर त्यांच्या वाट्याला बहुतेक खेकसणारे सार्जंट आणि गुंडच आले होते. इथे पोरं त्यांच्यामागे धावू लागली आणि आजोबा खुलले. जत्रांच्या उद्घाटनाला ते डॉक्टरच्या वेषात जात. पण काम गाढवासारखं होतं. वर्षाकाठी चाळीसहून अधिक भाग. आठवडाभर तालीम, मग एका संध्याकाळी जवळपास सलग चित्रीकरण. व्हिडिओ टेप कापणं महाग असल्यामुळे चुकलेलं वाक्य सहसा तसंच प्रक्षेपित व्हायचं. हार्टनेल यांना धमन्या कठीण होण्याचा विकार जडला होता, त्यात स्मरणशक्ती साथ देईना. संवाद अडखळायचे, नावं उलटीपालटी व्हायची. हे सगळं डॉक्टरच्या विसरभोळेपणात खपून जायचं, पण ते कुठवर खपणार?

त्यांना बदलण्याचा पहिला घाट १९६६च्या सुरुवातीलाच घातला गेला होता, हे अनेकांना ठाऊक नसतं. तेव्हाचे निर्माते जॉन वाइल्स यांचं आणि हार्टनेल यांचं जमत नव्हतं. ‘द सेलेस्टियल टॉयमेकर’ या कथेत खलनायक डॉक्टरला अदृश्य करतो. बेत असा की तो पुन्हा दिसू लागेल तेव्हा चेहरा वेगळा असेल. वरिष्ठांनी बेत हाणून पाडला, हार्टनेल राहिले आणि वाइल्सच गेले. मला विचाराल तर बरंच झालं. तो बेत पार पडला असता तर बदलण्याची ताकद खलनायकाच्या हातात गेली असती, आणि दर नव्या नटासाठी एक नवा जादूगार शोधत बसावं लागलं असतं.

वाइल्सच्या जागी आलेले इनिस लॉइड आणि कथा-संपादक गेरी डेव्हिस यांनी ती ताकद डॉक्टरच्या स्वतःच्या अंगात घातली. हा मुळात माणूस नव्हेच, परग्रहावरचा आहे. मग शरीर झिजल्यावर तो नवं का घेऊ शकणार नाही? ‘द टेन्थ प्लॅनेट’ ही हार्टनेल यांची शेवटची कथा. तिच्या चारांपैकी तिसऱ्या भागाच्या वेळी ते इतके आजारी होते की त्यांना येताच आलं नाही. डॉक्टर चक्कर येऊन पडला असं दाखवून त्याचे संवाद इतरांना वाटून दिले गेले.

मग तो क्षण. दिग्दर्शक डेरेक मार्टिनस. दोन नट सारख्याच पवित्र्यात आडवे, दोन कॅमेरे, आणि एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सरकवणाऱ्या मिश्रण-टेबलावर शर्ली कॉवर्ड. त्या टेबलात एक खोट होती, तिच्यामुळे चित्र भडकून पांढरं होत जायचं. एरवी अशा यंत्राला मेकॅनिक बोलावतात. कॉवर्ड यांनी ती खोट हेरून कामाला लावली: हार्टनेल यांचा चेहरा भडकवत नेला आणि त्या झगझगाटाच्या आडून पॅट्रिक ट्राउटन यांचा आणला. काही सेकंदांचं काम. आज लाखो रुपये ओतून डॉक्टरच्या अंगातून जो सोनेरी उजेड फुटताना दाखवतात, त्याचा मूळपुरुष म्हणजे ही खोट.

ट्राउटन हे ४६ वर्षांचे, हार्टनेल यांच्याशी काडीचंही साम्य नसलेले चरित्र अभिनेते. नक्कल करायची नाही, हा खरा धाडसी निर्णय. ढगळ विजार, कपाळावर आलेले केस, हातात बासरी; न्यूमन यांच्या मनात अंतराळातल्या भटक्याचं चित्र होतं. बदल कसा असावा याबद्दल बीबीसीत एक टिपण फिरलं होतं. त्यात या अनुभवाची तुलना चक्क एलएसडीच्या भयानक अमलाशी केली होती. मुलांच्या मालिकेबद्दल अधिकृत कागदावर असं लिहिलेलं पाहून हसू येतं, पण १९६६ सालच होतं ते.

प्रेक्षकाला पटवायचं कसं, याचं उत्तर मात्र ट्राउटन यांच्या पहिल्या कथेच्या, ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’च्या लेखनात सापडतं, आणि मला ते सगळ्या झगझगाटापेक्षा हुशार वाटतं. डॉक्टरच्या बरोबर बेन आणि पॉली हे दोन तरुण असतात. बेनचा या नव्या माणसावर विश्वास बसत नाही, पॉलीचा बसतो. म्हणजे घराघरात जो वाद चालू असणार तोच पडद्यावर. हा नवा माणूस स्वतः धड काही सांगत नाही, उडवाउडवी करतो. शेवटी त्याला ओळखतो तो डॅलेक, त्याचा जन्माचा वैरी. मित्राची साक्ष खोटी असू शकते, वैऱ्याची कशाला असेल? एक गंमत म्हणजे त्या पहिल्या खेपेला शरीराबरोबर कपडेही बदलले होते. ते कसे, यावर हौशी मंडळी आजतागायत हुज्जत घालतात.

आपल्याकडे रंगभूमीवर नट बदलणं ही नित्याची बाब. त्याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि कोणी खुलासा मागत नाही. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट नटसम्राट झाले, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर वेगळे का दिसतात असं विचारणारा प्रेक्षक वेड्यात निघाला असता. जेम्स बॉंडही न सांगताच बदलतो. हिंदी मालिकांतला मिहीर विराणी तीन नटांनी रंगवला. तिथे प्रेक्षक आणि नाटकवाले यांच्यात एक मूक करार असतो. ‘डॉक्टर हू’ने तो करार मोडून प्रश्न उघडा केला, आणि एकदा उघडा केल्यावर दरवेळी नवं उत्तर देणं आलं.

उत्तरं खरोखरच दरवेळी नवी होती. पहिल्यांदा जे घडलं त्याला ‘नूतनीकरण’ म्हटलं होतं. १९६९मध्ये ट्राउटन निघाले तेव्हा दहा भागांच्या ‘द वॉर गेम्स’मध्ये डॉक्टरच्या जातभाईंना, टाइम लॉर्ड्सना, आणलं गेलं. त्यांनी त्याच्यावर खटला भरला आणि शिक्षा म्हणून पृथ्वीवर हद्दपारी दिली, वर चेहरा बदलण्याची सक्ती. म्हणजे दुसऱ्या खेपेला कायापालट ही शिक्षा होती. ट्राउटनचा जॉन पर्टवी होताना पडद्यावर दिसलाच नाही. १९७०च्या जानेवारीत पर्टवी डॉक्टरच्या यानाच्या निळ्या पेटीतून थेट गवतात कोसळले, आता रंगीत.

आज रूढ असलेला ‘रीजनरेशन’ हा शब्द मालिकेत आला थेट १९७४मध्ये, ‘प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स’मध्ये. पहिल्या कायापालटाला तोवर साडेसात वर्षं उलटून गेली होती. तेव्हाचे निर्माते बॅरी लेट्स यांचा ओढा बौद्ध विचारांकडे होता, आणि त्या कथेवर त्याचा ठसा स्पष्ट आहे. इंग्लंडच्या खेड्यात एक ध्यानकेंद्र, तिथे तिबेटी रिंपोछे, जो डॉक्टरचा जुना गुरू निघतो. हा गुरू डॉक्टरच्या आधी, सगळ्यांसमक्ष देह टाकून दुसऱ्या देहात जातो, जणू प्रात्यक्षिक. डॉक्टर आपल्या भीतीला सामोरा जायला महाकाय कोळ्याच्या गुहेत जातो आणि तिथल्या किरणोत्साराने मरणाला टेकतो. तिबेटी पात्रं गोऱ्या नटांकडून करून घेतलेली आज खटकतात. पण यंत्राच्या झगझगाटाला तत्त्वज्ञानाची बैठक मिळाली ती इथे. तुम्हाआम्हाला पुनर्जन्म परका नाही, मात्र आपल्या पुनर्जन्मात आठवणी पुसल्या जातात. डॉक्टरच्या आठवणी शाबूत राहतात. बदलतो तो स्वभाव.

पर्टवींच्या जागी उठून बसले टॉम बेकर, जे निवड झाली तेव्हा बांधकामावर मजुरी करत होते. त्यांच्या लांबलचक मफलरची कथा प्रसिद्ध आहे. वेशभूषाकाराने बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंना ढीगभर लोकर दिली, निवडून हवी तेवढी वापरावी म्हणून. त्यांनी सगळीच विणून टाकली.

१९७६मध्ये रॉबर्ट होम्स यांनी एका कथेच्या गरजेपोटी लिहून टाकलं की टाइम लॉर्डला बाराच कायापालट मिळतात. म्हणजे एकूण तेरा आयुष्यं. तेव्हा चौथा डॉक्टर चालू होता. तेरावा कोण बघतोय! तो हिशेब २०१३मध्ये दारात येऊन उभा राहिला, आणि नाताळच्या भागात टाइम लॉर्ड्सकडून डॉक्टरला नवा कोटा मिळवून द्यावा लागला.

सगळ्यांत ओढूनताणून झालेला कायापालट १९८७चा. कॉलिन बेकर यांना वरून आदेश येऊन काढून टाकलं होतं. निरोपाच्या दृश्यासाठी या म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, आणि तो रास्तच होता. मग नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मकॉय यांनाच कुरळ्या केसांचा टोप घालून जुन्या डॉक्टरच्या कपड्यांत पालथं झोपवलं. त्यांना उलटं केलं, चेहऱ्यावर उजेडाचा फवारा मारला आणि टोप गायब. एकाच नटाने दोघांची कामं केली. दोन वर्षांनी मालिकाच बंद पडली. १९९६चा पॉल मगॅन यांचा एक टीव्हीपट सोडला तर सोळा वर्षं नवं काही आलं नाही.

या सगळ्यात पोरांचं काय चाललं होतं? ब्रिटनमध्ये ‘माझा डॉक्टर’ असा शब्दप्रयोग आहे. तुमचा डॉक्टर कोणता हे सांगितलंत की तुमचं वय कळतं. सोफ्याच्या मागे लपून पाहायची मालिका अशीही तिची ख्याती. पण ही आठवण जपायला पोरांना मेहनत करावी लागली, कारण बीबीसीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले शंभराच्या आसपास भाग त्यात गेले. हार्टनेल यांचा अखेरचा भागही त्यातच गेला. कायापालटाचे ते काही सेकंद उरले, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात ते दाखवले गेले होते. ट्राउटन यांच्या पहिल्या कथेचे सहाही भाग गेले. आवाज मात्र सगळ्या हरवलेल्या भागांचा शिल्लक आहे. टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून, घरच्यांना खोकू नका म्हणून दटावत तो उतरवून घेतला होता हौशी प्रेक्षकांनीच. ज्यांना तेही जमलं नाही त्यांच्यासाठी १९७३पासून टार्गेट प्रकाशनाची छोटी पुस्तकं आली. त्यांतली साठहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. कार्डबोर्डच्या भिंती हलताना पडद्यावर दिसत, पुस्तकात त्या दगडी होत्या. त्यामुळे एका पिढीच्या आठवणीतली मालिका प्रत्यक्षापेक्षा कितीतरी भव्य झाली.

२००५पासून मालिकेचा कारभार पाहिलेली बहुतेक मंडळी याच पोरांतली. रसेल टी. डेव्हिस यांनी २००५मध्ये मालिका परत आणली. हार्टनेल यांचा ट्राउटन होताना पाहिल्याची आठवण ही त्यांच्या टीव्हीच्या अगदी पहिल्या काही आठवणींपैकी एक; तेव्हा ते तीन वर्षांचे होते. डेव्हिड टेनंटही पर्टवींचा बेकर झाला तेव्हा तीनच वर्षांचे, आणि आपण नट होणार हे त्यांनी तेव्हाच घरी जाहीर केलं होतं. पुढे ते डॉक्टरही झाले, आणि पाचवे डॉक्टर पीटर डेव्हिसन यांच्या मुलीशी लग्न केलं. सासरे डॉक्टर, जावई डॉक्टर. शिवाय त्या मुलीने २००८च्या एका भागात डॉक्टरच्याच मुलीचं काम केलं होतं, तेव्हा नातं नेमकं कसं लावायचं ते ज्याचं त्याने पाहावं. पीटर कपाल्डी यांचं तर किशोरवयातलं कौतुकाचं पत्र १९७४मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ने छापलं होतं. बाराव्या डॉक्टरची भूमिका मिळायला त्यांना ५५ वर्षांचं व्हावं लागलं, म्हणजे हार्टनेल यांनी सुरुवात केली त्याच वयाचं.

डॉक्टर बाई का नसावी, असं न्यूमन यांनी १९८६मध्येच बीबीसीला लिहून कळवलं होतं. ते घडायला २०१७चा नाताळ उजाडला आणि जोडी व्हिटेकर आल्या. २०२२मध्ये त्यांच्या जागी पुन्हा टेनंटच उगवले, आणि या खेपेला कपडेही बदललेले, थेट १९६६सारखे. २०२३मध्ये तर डॉक्टरचे दोन तुकडे झाले: टेनंट तसेच राहिले आणि शेजारी शुटी गाट्वा उभे. जुना मरतच नाही असा हा कायापालट मला अजून पचलेला नाही. निरोपाचं दुःखच काढून घेतलंत तर नव्याचं कौतुक कशाच्या जोरावर करायचं?

३१ मे २०२५ला गाट्वांचा डॉक्टर गेला आणि उजेडातून बाहेर आली बिली पायपर, २००५ची डॉक्टरची सहप्रवासी. श्रेयनामावलीत तिचं नाव झळकलं, पण आजवर नव्या माणसाच्या नावापुढे ‘डॉक्टर’ असं छापत, ते या वेळी छापलं नाही. लेखकांनी पुढची सोय करून ठेवली म्हणायची, नाहीतर ती कोण आहे हे त्यांचंही अजून ठरायचं होतं.