किलकेनीची तांबडी बिअर

किलकेनीत जॉन स्ट्रीटवर सलिव्हन्सची टॅपरूम आहे. तिथे ‘माल्टिंग्ज रेड एल’ मागवली की तपकिरी दिसणारी बिअर समोर येते; पेला खिडकीकडे धरला की ती माणकासारखी लाल होते. आधी बिस्किटाचा गोडवा, मग किंचित कॅरॅमल, आणि घोट उतरल्यावर जिभेवर कोरडी, भाजकी चव. ही शेवटची करामत भाजलेल्या बार्लीची. रंगही तिचाच, म्हणून ती अगदी बेताने घालायची. हात सैल सुटला की बिअर काळ्या स्टाउटकडे झुकते. हॉप्सचा कडवटपणा नावापुरता. मला ती फार आवडली.

डब्लिनमधला माझा आयरिश सहकारी हिला ‘आमची खरी राष्ट्रीय बिअर’ म्हणतो. बिअर आयरिश आहे, यात वादच नाही. जॉन स्मिथिकने याच गावात, फ्रान्सिस्कन मठाच्या आवारात १७१० मध्ये ब्रुअरी काढली. त्या काळी कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला बंदी होती, भाडेपट्टाही ३१ वर्षांपुढे करता येत नसे. अशा दिवसांत एका कॅथलिक घराण्याने हा धंदा उभा केला आणि टिकवला. पण पबात माणसं मागत ती ‘स्मिथिक्स’, ‘आयरिश रेड’ नव्हे. ‘आयरिश रेड’ ही ओळख गाजवली ती अमेरिकेने. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थीची लेट घराण्याची ब्रुअरी १९५६ मध्ये बंद पडली. पुढे त्या घराण्यातल्या जॉर्ज किलियन लेटचं नाव परवान्यावर आधी फ्रान्सला गेलं, मग कोलोरॅडोच्या कूर्स कंपनीकडे. आयर्लंड कधी न पाहिलेल्यांनी आयरिशपणा तिथे बाटलीतून प्यायला. मला यात फसवणूक वाटत नाही. परदेशात राहणाऱ्याला लेबलाची गरज जरा जास्तच असते, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

इकडे किलकेनीचं काय झालं? १९६५ मध्ये डब्लिनच्या गिनेस या स्टाउट कंपनीने स्मिथिक्स विकत घेतली, २०१३ मध्ये मठाजवळची ब्रुअरी बंद झाली आणि तिची बिअर डब्लिनला बनू लागली. सलिव्हन्स त्यानंतरची, जुन्या ब्रुअर घराण्यांच्या वंशजांनी पुन्हा उभी केलेली.

मालकी लंडनकडे गेलेल्या त्या गिनेसचा राष्ट्रीय चिन्हावरचा हक्कही जुना. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या प्राचीन हार्पचं, म्हणजे तंतुवाद्याचं, चित्र तिच्या लेबलावर १८६२ पासून आहे, १८७६ पासून नोंदणीकृत. १९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने तोच हार्प निवडला, आणि सरकारी हार्पचं तोंड बिअरवरच्या हार्पच्या उलट दिशेला आहे.