मिरचीची आग आणि मेंदूतली हाकाटी

श्रोतेहो, होळी सरली आणि उन्हे तापू लागली की साष्टीच्या गावठाणांतून लाल मिरच्या वाळत पडतात. साष्टी म्हणजे तेच बेट, ज्याला आज आपण मुंबईची उपनगरे म्हणतो. अंधेरीजवळच्या वेसाव्याच्या कोळणी वर्षाचा मसाला याच दिवसांत करून ठेवतात. मरोळच्या आणि बोरिवलीपलीकडच्या गोराईच्या ईस्ट इंडियन बायका मसाला कुटून काळपट बाटल्यांत दाबून भरतात. म्हणून त्याचे नावच बाटली मसाला. मुलुंड-घाटकोपरकडे उखळ-मुसळ मागे पडले तरी मिरचीकांडपाचा डंक काही सुटलेला नाही. आणि या कामात हात घातलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते, की रात्री हाताची आग होते. पाण्याने कितीही धुवा, ती जात नाही. तेल चोळावे लागते, कारण मिरचीतले तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते.

आता एक गंमत पाहा. हाताला ना जखम, ना फोड, ना कुठे भाजल्याची खूण. तरी आग होते, आणि ती तासन् तास राहते. मग ही आग आहे कुठे? हातात, की डोक्यात? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना साडेतीनशे वर्षे लागली, आणि त्या शोधात आपल्या या मिरचीनेच मोठी कामगिरी बजावली.

आपली म्हटली खरी, पण मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 साली तिकडे पोहोचला, वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना दिली. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, 1737 ते 1739 या काळात, मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, मिरची मात्र राहिली. आपल्या लोकांनी मिऱ्याच्या नावावरून तिचे बारसे केले आणि तिला स्वयंपाकघरात कायमची जागा दिली.

मिरचीच्या तिखटपणाचे शुद्ध द्रव्य 1876 साली जॉन थ्रेश या इंग्रज रसायनतज्ज्ञाने वेगळे काढले आणि त्याला कॅप्सेसिन हे नाव दिले. पण ते झोंबते का, हे कोडे सुटायला 1997 साल उजाडावे लागले. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वेदना वाहणाऱ्या आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रकारची दारे असतात. सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या पुढे ऊन लागले की ती उघडतात, आणि कॅप्सेसिन लागले तरी तीच उघडतात. म्हणजे मिरची लागल्यावर ‘आग झाली’ असे आपण म्हणतो, ते नुसते बोलणे नव्हे. भाजल्याची आणि मिरचीची वर्दी शरीरात एकाच दारातून आत जाते. पक्ष्यांमधले हे दार कॅप्सेसिनला उघडत नाही. म्हणूनच पोपट मिरची मजेत खातो आणि त्याच्या डोळ्याला टिपूसही येत नाही. या संशोधनासाठी ज्युलियस यांना 2021 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे झाले दाराचे. आत काय घडते? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचा माणसाच्या शरीरावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1664 साली, फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने असे मांडले, की पायाला विस्तव लागला म्हणजे आतली दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. देवळातली घंटा वाजवावी तसे. जेवढा ओढ्याचा जोर, तेवढा घंटेचा आवाज. जेवढी जखम, तेवढे दुखणे. ही कल्पना इतकी सोपी होती, की पुढे कित्येक पिढ्यांनी ती खरी मानली. आजही आपण जखम पाहून दुखणे मोजतो, ते याच हिशोबाने.

पण हा हिशोब जुळेना. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओच्या रणभूमीवर हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर जबर जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. त्यांनी 1946 साली लिहिले, की विचारल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी वेदनाशामक औषध नको म्हणून सांगितले. त्यांच्यासाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती, घरी जाण्याचा परवाना होता. तशीच जखम शांततेच्या काळात झाली तर माणूस औषधासाठी तळमळतो. तेव्हा घंटा एकट्या दोरीने वाजत नाही, हे उघड झाले.

1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी याचा उलगडा मांडला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. वेदनेची वर्दी तिथे अडवली जाते किंवा पुढे सोडली जाते, आणि त्या फाटकावर मेंदूचाही हुकूम चालतो. पोराचा गुडघा आपटला की आई तो चोळते आणि पोर हुंदके थांबवते. स्पर्शाच्या तंतूंनी वेदनेची वाट काही अंशी अडवलेली असते. आईला हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते! याच मेलझॅक यांनी 1975 साली रुग्ण दुखण्यासाठी कोणकोणते शब्द वापरतात, त्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपल्या मराठीत तर या शब्दांचे कोठार आहे. ठणका वेगळा, ठसठस वेगळी, कळ वेगळी, सणक वेगळी, चुरचुर वेगळी आणि झोंबणे वेगळे. शिक्षक मंडळींनी वर्गात हे शब्द एकदा मुलांकडून गोळा करून पाहावेत. मूल दुखणे नेमके सांगायला शिकले, तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

यापुढची पायरी म्हणजे जिवंत मेंदूत डोकावणे. 1990 साली सेइजी ओगावा यांनी दाखवले, की रक्तातल्या प्राणवायूच्या चढउतारावरून मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे चुंबकीय यंत्राने टिपता येईल. 1995 साली भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. माणूस काहीही न करता स्वस्थ पडलेला असतानाही, डाव्या आणि उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे मेंदूचे दोन भाग एकाच लयीत चढउतार करत होते. जणू दोन वाड्यांचे बोलणे रिकाम्या वेळीही चालूच होते. तेव्हापासून मेंदूचा कोणता भाग जागा होतो एवढेच नव्हे, तर कोणता भाग कोणाशी बोलतो, हेही शास्त्रज्ञ पाहू लागले.

आणि इथे मिरची पुन्हा हजर झाली. धडधाकट माणसाला इजा न करता बराच वेळ टिकणारी वेदना द्यायची कशी? कॅप्सेसिन लावून! 2015 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या पायाला कॅप्सेसिनचे मलम लावले आणि पाहिले, की वेदना जशी हळूहळू चढते-उतरते, तसा मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागाच्या मागच्या अंगातला रक्तपुरवठा कमीजास्त होतो. पुढे दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या जिभेवर मिरचीचे तिखट ठेवून मेंदूतली बोलणी टिपली. 2022 साली त्यांनी त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आग भडकलेली असताना तोंड-जिभेची खबर ठेवणारा मेंदूचा भाग आपल्या नेहमीच्या शेजाऱ्यांपासून सुटला आणि मेंदूच्या खोल गाभ्यातल्या व कपाळाकडच्या भागांशी जोडला गेला. आग ओसरू लागली तसे ते भाग या जमावातून बाहेर पडले आणि लहान मेंदूशी बोलू लागले.

गावातल्या माणसाला हे सांगायला नको. एका गंजीला आग लागली की हाकाटी होते. सगळ्या वाड्यांची माणसे रोजची कामे टाकून धावतात. आग विझली की ज्याची त्याची कामे पुन्हा सुरू. निरोगी मेंदूचेही तसेच दिसते.

पण आग विझूनही हाकाटी थांबली नाही तर? पाठदुखी, सांधेदुखी वर्षानुवर्षे सोसणाऱ्यांची गत काहीशी अशी असते. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारी किंवा पुन्हा पुन्हा उठणारी वेदना, तिला वैद्यक आता जुनाट वेदना म्हणते. जुनाट पाठदुखीच्या रुग्णांत, साध्या कामात लक्ष घातल्यावर मेंदूचे जे भाग एरवी शांत होतात, ते पुरेसे शांत होत नाहीत, असे 2008 साली शिकागोच्या संशोधकांना आढळले. 2012 साली त्यांनीच नव्या पाठदुखीच्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. ज्यांचे दुखणे पुढे टिकून राहिले, त्यांच्यात कपाळामागचा एक भाग आणि आवडी-निवडीशी संबंध असलेला एक खोल भाग यांची आपसांतली बोलणी सुरुवातीपासूनच अधिक घट्ट होती.

याचा अर्थ मात्र नीट लक्षात घ्या. दुखणे मेंदूत घडते म्हणजे ते मनाचे खेळ असतात, असे नव्हे. उलट, ते खरेच घडत असते. शिवाय हे निष्कर्ष अनेक माणसांच्या गटांवरून काढलेले आहेत. एकाला यंत्रात घालून ‘तुझे दुखणे खरे की खोटे’ असा निवाडा कुणी देऊ शकत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली केलेली वेदनेची व्याख्या 2020 साली सुधारली आणि सोबत स्पष्ट केले, की माणूस आपल्याला दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

आपल्या उपनगरातही याची जाण फार पूर्वी आली. 1986 साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णांची वेदना हलकी करणारे ते देशातले पहिले आश्रयस्थान. तिथे रोग हरवता येत नव्हता, पण दुखणे ऐकून घेता येत होते आणि उतरवताही येत होते.

तेव्हा श्रोतेहो, घरातली म्हातारी आई ‘कंबर ठणकते’ म्हणाली आणि कुठे सूज दिसली नाही, किंवा वर्गातला पोरगा पोटात कळ येते म्हणाला आणि ताप लागला नाही, तर ‘सोंग करतो’ म्हणण्याआधी जरा थांबा. मिरची कुटणाऱ्या बाईच्या हातावरही काही दिसत नाही. तिची आग खरी आहे, हे आपण तिने सांगितले म्हणून मानतो. तेवढाच विश्वास त्या आईवर आणि त्या पोरावर ठेवा, आणि दुखणे लांबले तर त्यांना वेळेवर डॉक्टरकडे घेऊन जा.