पुस्तकप्रेमांतून जन्मलेलें एक वाद्यमंडळ

संगीताचा इतिहास लिहूं जातां राजदरबार, मोठमोठीं नाट्यगृहें व नामांकित गवई यांचींच नांवें आधीं लेखणीवर येतात. लहान वाद्यमंडळांनीं उत्सवाच्या आदल्या रात्रीपर्यंत केलेल्या मेहनतीची नोंद मात्र क्वचितच कोठें सांपडते. ज्यांनीं सणासाठीं एखादा गायनवृंद तयार केला आहे, त्यांस अशा मंडळाची धडपड समजावून सांगण्याची गरज नाहीं. अशाच एका मंडळाची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटर कथामालेचा पहिला ग्रंथ १९९७ सालीं व सातवा म्हणजे अखेरचा २००७ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नांवानें मराठींत अवतरला आहे. या कथांनीं वेडावलेले दोन बंधु, पॉल व जो डीजॉर्ज, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉरवुड गांवीं राहत. २००२ च्या जून महिन्यांत त्यांच्या घरीं गायनवादनाची एक बैठक ठरली होती. परंतु बोलावलेलीं कांहीं मंडळें ऐन वेळीं आलींच नाहींत. मांडलेली बैठक मोडावी कशी? तेव्हां उभयतांनीं तासाभरांत पांचसहा गाणीं रचिलीं आणि तीं जेमतेम सहा श्रोत्यांपुढें म्हटलीं. ‘हॅरी अँड द पॉटर्स’ या मंडळाची स्थापना ती हीच होय.

त्या समयीं थोरला बंधु तेवीस वर्षांचा व धाकटा पंधरा वर्षांचा होता. दोघेहि शाळकरी पोशाख, पट्ट्यांचा गळपट्टा व चष्मा धारण करून कथानायकाच्याच मुखानें गात. एक त्याच्या सातव्या इयत्तेंतला, तर दुसरा चौथ्या इयत्तेंतला! २००३ सालीं त्यांची पहिली ध्वनिमुद्रित गीतमाला निघाली. पुढें त्यांनीं गांवोगांवच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून कार्यक्रम करण्याचा क्रम आरंभिला. जेथें एरवीं शांततेचा दंडक चालतो, तेथेंच गिटार व सॅक्सोफोन वाजूं लागलीं आणि मुलें पुस्तकांच्या कपाटांमध्यें नाचूं लागलीं. २००४ सालीं ऱ्होड आयलंड संस्थानांत ‘ड्रॅको अँड द मालफॉइज’ हें प्रतिस्पर्धी मंडळ उभें राहिलें. तें नायकाच्या वैऱ्याच्या तोंडून गात असे. लौकरच अशीं अनेक मंडळें निघालीं व या प्रकारास ‘विझर्ड रॉक’, म्हणजे जादूगारांचें संगीत, हें नांव पडलें.

इकडे वाचकांचीं संमेलनेंहि भरूं लागलीं होतीं. २००३ सालीं ऑर्लँडो येथें ‘निंबस’ नामक संमेलन झालें; २००९ च्या मे महिन्यांत बॉस्टन येथें पहिलें ‘लीकीकॉन’ भरलें आणि विझर्ड रॉकच्या मैफली हें त्याचें एक मुख्य आकर्षण ठरलें. अशा सभेपुढें उभें राहण्याची तयारी वरकरणीं सोपी, परंतु वस्तुतः अवघड असते. स्वर किंचित् घसरला तर श्रोते क्षमा करितात. कथेंतील एखादा प्रसंग चुकला तर करीत नाहींत, कारण सभागृहांतील प्रत्येकास ते ग्रंथ मुखोद्गत असतात. म्हणून शब्द नेमके ठेवावे लागतात, आणि सर्वांस सूर मिळवितां यावा म्हणून चाल साधी ठेवावी लागते. ज्या मंडळाचा श्रोता त्याच्याबरोबर गातो, त्याची खरी परीक्षा घेणारा तो श्रोताच होय.

या आनंदांत एक कठीण प्रश्नहि दडलेला होता. पात्रें लेखिकेचीं, चित्रपटांचे हक्क वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचे. मग हीं गाणीं कोणाचीं? कंपनीनें मंडळाशीं बोलणें लाविलें, आणि शेवटीं समजुतीनें असें ठरलें कीं गीतें महाजालावर विकावीं, परंतु सदरे इत्यादि जिन्नस कार्यक्रमाच्या जागींच विकावे. दोन्ही पक्षांनीं थोडें सोडिलें, म्हणून मंडळ जगलें. नुसत्या कायद्याच्या अक्षरावर हट्ट धरिला जाता, तर लहान पक्षच बुडाला असता, हें उघड आहे.

परंतु प्रेम केवळ गाण्यांतच जिरलें असतें, तर ही हकीकत येथें सांगण्यास फारसें कारण नव्हतें. २००५ सालीं अँड्रयू स्लॅक यांनीं डीजॉर्ज बंधूंच्या साहाय्यानें ‘हॅरी पॉटर अलायन्स’ ही संस्था स्थापिली. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या नायकाची कथा ज्यांस प्रिय आहे, त्यांनीं प्रत्यक्ष जगांतहि कांहीं करावें, हा तिचा हेतु. २०१० च्या जानेवारींत हैती देशांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां या वाचकमंडळींनीं १,२३,००० डॉलरांहून अधिक निधि जमविला आणि ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या वैद्यकीय संस्थेमार्फत औषधसामग्रीनें भरलेलीं पांच विमानें तिकडे पाठविलीं. शेजाऱ्याचें दुःख ओळखण्यास कोठला मार्ग निमित्त होईल, हें सांगतां येत नाहीं.

अखेरचा ग्रंथ निघाल्यावर हें वेड ओसरेल, असा पुष्कळांचा तर्क होता. तरी २०१९ सालीं, चाहत्यांच्या वर्गणीच्या बळावर, डीजॉर्ज बंधूंची ‘लुमॉस’ ही नवी गीतमाला प्रसिद्ध झालीच. सहा श्रोत्यांपासून सुरू झालेल्या या मंडळाजवळ आरंभीं ना द्रव्य होतें, ना कीर्ति. होती ती ठरलेली बैठक मोडूं न देण्याची जिद्द. बोलावलेले आले नाहींत म्हणून दिवे न मालवितां जे आपणच उठून गाऊं लागतात, त्यांच्याच हातून लहानमोठीं मंडळें उभीं राहतात व टिकतात. वाचकांनीं आपापल्या गांवींच्या मंडळांकडे या दृष्टीनें एकवार पाहावें, इतकीच विनंति.