पाटलीण, पंडिता आणि कोयता : शिरूर-दौंडमधील कामाची नावे

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी वसलेल्या शिरूर व दौंड तालुक्यांच्या गावगाड्यात व्यवसायाचे नाव पुरुषाचे असे, आणि त्याला ‘ईण’ प्रत्यय लावून होणारी पाटलीण, सुतारीण, कुंभारीण ही रूपे त्या व्यवसायातील स्त्रीपेक्षा त्या व्यावसायिकाच्या पत्नीचा बोध करून देत. कुंभारीण माती मळत असे, भाजलेली मडकी गावात पोचवत असे, तरी बलुते, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल शेतकऱ्याकडून मिळणारा धान्याचा वाटा, कुंभाराच्या नावावर पडे. सुईण हा मोठा अपवाद होता, कारण तो शब्द स्त्रीच्या स्वतःच्या कौशल्यावरून पडला होता. पुढे शाळा आणि दवाखाने आले तेव्हा मास्तरीण व डॉक्टरीण हे शब्द त्याच जुन्या प्रत्ययाने घडले, त्यामुळे मास्तरीण म्हणजे शिकवणारी बाई की मास्तरांची पत्नी, हे केवळ संदर्भावरून कळे.

या पार्श्वभूमीवर दौंड तालुक्यातील केडगावचा इतिहास विलक्षण ठरतो. तेथे पुढे संस्था उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ ही पदवी पतीच्या विद्येवरून आलेली नव्हती, तर त्यांच्या स्वतःच्या संस्कृत व्यासंगाला मिळालेली मान्यता होती. आणि 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची जी मागणी केली, तिच्यामागेही स्त्रीला स्वतःचे पद असावे हाच विचार होता. 1898 मध्ये केडगावला त्यांचे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे दुष्काळातून वाचलेल्या मुली व विधवा शेती, विणकाम आणि तेलघाण्याचे काम शिकल्या, इतकेच नव्हे तर त्यांनी छापखानाही चालवला. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला मराठीत जुळारी म्हणतात, आणि हे काम तोवर बहुतांशी पुरुषांचे होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीच्या रचनेत मात्र स्त्रियांचे असे श्रम सहज दिसेनासे होतात. ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ यांत लिंग स्पष्ट असते, पण ‘त्यांनी खिळे जुळवले’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, ‘त्यांनी’ हे रूप दोघांना समान असते, आणि वाचणाऱ्याच्या मनात सवयीने पुरुषच उभा राहतो. याच्या उलट, परिचारिका हे पद इतके स्त्रीवाचक ठरले की पुरुष त्या कामावर आल्यावर कागदोपत्री ‘अधिपरिचारक’ हे रूप आणि रुग्णालयाच्या बोलण्यात ‘ब्रदर’ हा शब्द रुळला.

ऊसतोडीत कामाच्या नावाचा हा प्रश्न थेट मजुरीला भिडतो. दौंडमधील पाटसचा भीमा आणि शिरूरमधील न्हावऱ्याचा घोडगंगा या सहकारी कारखान्यांमुळे या तालुक्यांत तोडीच्या हंगामाचे चक्र बसले, आणि त्या व्यवहारात मजुरांची मोजणी ‘कोयता’ या एककाने होऊ लागली : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा मजूर म्हणजे अर्धा. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे या कामांत स्त्रीचा वाटा पूर्ण असतो. तरी उचल, म्हणजे हंगामापूर्वी मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, बहुधा पुरुषाच्या हाती पडते आणि हिशेबही त्याच्याशीच होतो. बोलीत ‘तोडणीची माणसं आली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचन सहज येते व त्यात स्त्री-पुरुष दोघेही सामावतात, परंतु कागदावरचे ‘कामगार आले’ हे रूप पुल्लिंगी असते. समावेशक रूप भाषेजवळ आधीच होते, ते हिशेबाच्या वहीपर्यंत गेले नाही, हा या इतिहासातील खरा अन्याय आहे. कारण जोडीच्या एककात मिसळलेल्या स्त्रीला आपल्या नावाची मजुरी मागता येत नाही आणि तिच्या आजारपणाचा खाडा मात्र जोडीच्या हिशेबातून कापला जातो. म्हणूनच स्त्री ऊसतोड कामगारांची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र ओळखपत्र आणि मजुरीचा स्वतंत्र हिशेब या मागण्या अलीकडच्या काळात पुढे आल्या असून, त्या मान्य करायच्या तर करारातील एका कोयत्याच्या जागी दोन व्यक्तींची नावे लिहावी लागतील.