पावणेनऊ मिलिमीटरची गाडी

नागपुरात मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते उघडले. सुट्टीच्या दिवशी तिथे मुलांची गर्दी असते, इंजिनांवर चढून फोटो काढले जातात, आणि बाजूला उभ्या असलेल्या डब्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या डब्यांखालच्या रुळांना टेप लावली तर दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर भरते, म्हणजे अडीच फूट. या आकड्याला ८७ने भागले की उत्तर येते ८.७६. पावणेनऊ मिलिमीटर म्हणायला हरकत नाही.

८७नेच का भागायचे, हे सांगायला हवे. जगात मॉडेल रेल्वेचा जो छंद पसरला आहे, त्यात सर्वांत चालणारे माप ‘एचओ’ नावाचे आहे. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे नमुन्यातले साडेतीन मिलिमीटर, हा त्याचा हिशेब. गुणोत्तर पडते १ : ८७. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी हे माप डोळ्यांनी पाहिलेच आहे. या मापाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी केलेले आहेत आणि तिथल्या गाड्यांना चपखल बसतात.

आपली अडचण इथेच सुरू होते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे. तिला ८७ने भागले तर १९.२६ येतात. म्हणजे आपल्याकडचा हौशी कारागीर गीतांजली एक्स्प्रेसचा डबा कितीही जीव ओतून करो, बाजारातल्या रुळांवर ठेवला की तो जवळपास तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभा राहतो. समोरून पाहिले की बैलाला शेळीचे पाय लावल्यासारखे दिसते. रूळ स्वतः ठोकून घेणारे निष्ठावंत असतात, पण ते थोडे.

दुसरी लबाडी वळणाची. ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त तीव्र वळण दहा अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. एचओ मापात ते दोन मीटर त्रिज्येचे होते. गाडी गोल फिरवायची तर चार मीटर रुंदीची खोली लागेल आणि त्या खोलीत दुसरे काही ठेवता येणार नाही. घरोघरचे हौशी लोक साधारण ४५ सेंटिमीटर त्रिज्येवर भागवतात. खऱ्या जगात ते चाळीस मीटरचे वळण झाले. राजधानीचा डबा त्यावरून नेण्याचे कोणी स्वप्नातही आणणार नाही. म्हणून कंपन्या डबेच आखूड करत. अमेरिकेतल्या ॲथर्न कंपनीने ८० फुटी डबे ७२ फुटांच्या मापाने काढले आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते आनंदाने चालवले.

आता मोतीबागेतल्या त्या डब्याकडे परत येऊ. अडीच फुटी गेजवर चाळीस अंशांचे वळण चालत असे, त्रिज्या ४४ मीटर. ८७ने भागा : अर्धा मीटर. आणि ‘एन’ नावाच्या त्याहून छोट्या मापाचे तयार रूळ नऊ मिलिमीटरचे असतात; आपल्याला हवेत पावणेनऊ. म्हणजे सातपुड्याची छोटी गाडी जेवणाच्या टेबलावर, खऱ्या वळणाने आणि जवळजवळ खऱ्या गेजने धावू शकते. डबा कापायला नको, रूळ ठोकायला नकोत. विदर्भातल्या ज्या गाडीला आपण वर्षानुवर्षे मागास म्हणून हिणवले, ती या खेळात सर्वांत प्रामाणिक ठरते.

खोटे ठरते ते एकच : वजन.

लांबी ८७ पट कमी झाली की रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते. त्यामुळे वजन ८७ × ८७ × ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. पेरांबूरच्या कारखान्याचा साधा शयनयान डबा रिकामा सुमारे ३७ टनांचा. त्याच्या नमुन्याचे हिशेबी वजन ५६ ग्रॅम. एक मोठे लिंबू. इतका हलका डबा रुळांच्या पहिल्याच सांध्यावर घसरतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी नियम घालून दिला आहे : एचओ डब्याला मुळात एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या डब्याला त्याप्रमाणे १६५ ग्रॅम लागतात, हिशेबाच्या तिप्पट. म्हणून डब्याच्या तळाशी शिशाच्या पट्ट्या, लोखंडी नट, नाहीतर जुनी नाणी चिकटवतात.

गंमत अशी, की खऱ्या डब्यांच्या इतिहासातही एकदा असेच झाले होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत डबे लाकडी होते. अपघातात एक डबा दुसऱ्यात घुसे, मग शेगडीने पेट घेई. न्यूयॉर्कला नदीखालून बोगदे काढताना पेनसिल्व्हेनिया रेल्वेने ठरवले की त्यांतून लाकडी डबा जाणार नाही. ते स्थानक १९१० साली सुरू झाले. त्या सुमारास जे पोलादी डबे आले त्यांना पुढे ‘हेवीवेट’ हे नाव पडले. खाली सहा-सहा चाकांच्या दोन बोग्या, वर रिव्हेट मारलेले पोलाद, आणि जमिनीत चक्क काँक्रीट. (आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो; कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा.) भरभक्कम डब्याचे वजन ७० टनांच्या पुढे जाई. गाडी संथ झुले आणि आतल्या माणसाला हादरा बसत नसे. तरीही ७० टनांचे एचओ वजन १०६ ग्रॅमच होते, आणि नियम मागतो १८५. जगातला तो अवजड डबासुद्धा टेबलावर आला की ठिगळ मागतो. १९३४मध्ये बर्लिंग्टन झेफर ही गंजरोधक पोलादाची हलकी गाडी धावली आणि त्या अवजड डब्यांचे दिवस भरत आले.

आपल्याकडे हा प्रवास वेगळ्या वळणाने झाला. ज्या जीआयपी रेल्वेने १८६७ साली नागपूर गाठले, तिनेच १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू केली. त्या डब्यांच्या चौकटी इंग्लंडहून आल्या आणि वरचे सांगाडे माटुंग्याच्या कारखान्यात चढले. १९६६ साली ते बदलून पेरांबूरचे डबे लागले. पेरांबूरचा कारखाना १९५५चा, आराखडा स्वित्झर्लंडचा. त्या आराखड्यात खाली वेगळी अवजड चौकट नाही; डब्याचे अख्खे पोलादी कवचच भार पेलते. नंतर जर्मन धर्तीचे एलएचबी डबे आले आणि जानेवारी २०१८मध्ये पेरांबूरने जुन्या पद्धतीचा डबा काढणे थांबवले.

नागपूरची छोटी गाडी या सगळ्या घडामोडींपासून अंगभर धूळ घेऊन दूर राहिली. या शहराने तशी तीनही गेज पाहिली आहेत : जीआयपीची ब्रॉडगेज, नागपूर-छत्तीसगड रेल्वेची राजनांदगावपर्यंतची मीटरगेज, जी १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने घेऊन रुंद केली, आणि त्याच कंपनीच्या काळात सातपुड्यात पसरलेली नॅरोगेज. इतवारीहून नागभीडला १९०८ साली गाडी गेली, छिंदवाड्याकडे १९१३च्या सुमारास. डोंगर चढायचा, खर्च कमी ठेवायचा, तर रूळ अरुंद, पूल हलके आणि डबेही हलके, असा तो साधा व्यवहार होता.

हा हलकेपणा बसणाऱ्याला अंगावर कळे. मी इतवारी-नागभीड गाडीने उमरेडपर्यंत काही वेळा गेलो आहे. समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत. स्थानकात कोणी मिरच्यांचे पोते दारातून आत लोटले की डबा त्या बाजूला किंचित कलला असे वाटायचे. खरेच कलत होता की मनाचे खेळ, कोण जाणे. भिवापूरच्या मिरचीचा खाट मात्र खरा होता. १०६ किलोमीटरला साडेचार तासांच्या आसपास लागत. रुंद डब्यांत माणसे एकमेकांना नावे विचारत नाहीत. इथे उमरेड येईपर्यंत निम्म्या डब्याला तुमचे गाव आणि जाण्याचे कारण ठाऊक झालेले असे.

छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५मध्ये थांबली, नागभीडची नोव्हेंबर २०१९मध्ये. रुंदीकरण हवे होते, याबद्दल मला शंका नाही. उमरेडच्या विद्यार्थ्याने आणि रुग्णाने हौशी लोकांच्या आठवणींसाठी ताशी पंचवीस किलोमीटरने का जावे? माझी खंत वेगळी आहे. संग्रहालये सहसा इंजिने आणि साहेबांची सलूने जपतात. बाकांचा, गजांच्या खिडक्यांचा साधा डबा संख्येने सर्वांत जास्त होता, म्हणून त्याची किंमत सर्वांत कमी धरली गेली आणि तो भंगारात सहज गेला. अमेरिकेतल्या हेवीवेट डब्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांची मापे, रंग, रिव्हेटच्या रांगासुद्धा हौशी लोकांनी टिपून ठेवल्या. मूळ डबा मोडीत गेला तरी त्याचा नमुना बनवताना कोणाला अंदाज करावा लागत नाही.

आपल्याकडे नागपूरच्या छोट्या गाडीचा डबा टेबलासाठी करू पाहणाऱ्याला फोटोवरून मापे काढावी लागतात. फोटोत माणूस उभा असेल तर त्याची उंची साडेपाच फूट धरायची आणि तिथून दाराची उंची काढायची, असा हा उद्योग. पत्रा, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या कुठेही मिळतात, नऊ मिलिमीटरचे रूळ मागवता येतात. नसतात ते आकडे.

ते अजून मिळू शकतात. मोतीबागेत आणि इतर ठिकाणी जे डबे उभे आहेत, त्यांच्यासाठी दोन माणसे, एक टेप, एक वही आणि परवानगीचा कागद एवढे पुरे. लांबी-रुंदी नंतर घेतली तरी चालेल, ती कागदोपत्री सापडण्याची शक्यता असते. आधी घ्यावी बाकाची उंची, दोन बाकांमधले अंतर, खिडकीच्या दोन गजांमधली फट, पायरीची जमिनीपासूनची उंची, आणि दाराच्या चौकटीची रुंदी, जिच्यातून मिरचीचे पोते आडवे आत येत असे.