इलेक्ट्रिक सायकल : हबमधील गिअर निकामी झाल्यास

बॅटरी पूर्ण भरलेली आहे, हँडलवरील पडद्यावर आकडे दिसत आहेत, मोटार फिरल्याचा आवाजही येतो आहे. सायकल मात्र जागची हलत नाही. इलेक्ट्रिक सायकल काही वर्षे वापरल्यानंतर अनेकांना हा अनुभव येतो. अशा वेळी दुकानात बहुधा ‘मोटार गेली, अख्खे चाक बदलावे लागेल’ असे सांगितले जाते. वस्तुतः मोटार फिरत असेल तर ती गेलेली नाही. तिची शक्ती चाकापर्यंत पोहोचवणारा दुवा तुटला आहे. हा दुवा म्हणजे साधारण चार-पाच सेंटिमीटर व्यासाची नायलॉनची तीन दातेरी चक्रे आणि एक क्लच.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींमध्ये मोटार मागील चाकाच्या हबमध्ये असते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये अशा सायकलीचे पेटंट घेतले होते. त्यांच्या मोटारीत गिअर नव्हते. आजची छोटी मोटार वेगाने फिरते तेव्हाच कार्यक्षम असते, म्हणून तिचा वेग सुमारे चार ते पाच पटींनी कमी करून चाकाला द्यावा लागतो. त्यासाठी मध्यभागी मोटारीचे छोटे चक्र, त्याभोवती नायलॉनची तीन चक्रे आणि या सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे अशी रचना असते. सूर्याभोवतीच्या ग्रहांशी साम्य असल्याने तिला ‘ग्रहीय गिअर’ म्हणतात. ही तीन चक्रे ज्या थाळीवर बसतात, तिच्यातच एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. त्यामुळे मोटार बंद ठेवून पेडल मारताना तिचा अडथळा जाणवत नाही.

हब उघडण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. वीज बंद करून चाक जमिनीपासून उचलावे व हाताने उलट दिशेने फिरवावे. पेडलही उलटे फिरतील. त्यात वावगे काही नाही. गिअर व क्लच शाबूत असतील तर चाक उलटे फिरवताना मोटारीतील चुंबकांचा स्पष्ट विरोध हाताला जाणवतो. चाक दोन्ही दिशांनी सारखेच मोकळे फिरत असेल, तर गिअरचे दाते झिजले आहेत, क्लच घसरतो आहे किंवा थाळीला आसाशी जखडणारी छोटी लोखंडी चावी तुटली आहे, असे समजावे. मोटार चालताना ठरावीक अंतराने ‘कटकट’ असा आवाज येत असेल तर एखाददुसरा दात गेला असण्याचा संभव मोठा. मोटारीचा आवाजच येत नसेल, तर दोष गिअरमध्ये शोधू नये. तो वायरमध्ये, जोडणीत, हॉल सेन्सरमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये असतो. उलट फिरवताना चाक अतिशय जड व गचके देत फिरत असेल, तर मोटारीच्या तारा एकमेकींना चिकटल्याची शंका घ्यावी.

नायलॉन का वापरतात, हा प्रश्न साहजिक आहे. ते शांत चालते, हलके असते आणि अतिभार आला की आधी तेच तुटते, मागचे महागडे भाग वाचतात. काही जण त्याऐवजी पोलादी चक्रे बसवतात. आमच्या मते तो सौदा फायद्याचा नाही. आवाज वाढतो आणि पुढच्या वेळी क्लच किंवा कडे तुटते. नायलॉनचा खरा शत्रू उष्णता. उभ्या चढावर मागे प्रवासी किंवा सामान घेऊन, पेडल न मारता केवळ थ्रॉटलवर सायकल चढवली की हब तापतो, नायलॉन मऊ पडते आणि नेमका त्याच वेळी त्यावर सर्वाधिक ताण येतो. वंगण वाळले असेल तर झीज आणखी लवकर होते.

दुरुस्तीचे काम कसबी मेकॅनिकला अवघड नाही. प्रथम बॅटरी काढावी, मोटारीच्या वायरची जोडणी सोडवावी आणि आसाचे नट काढावेत. बहुतेकांना १८ चा पाना लागतो. आसावरील वॉशर कोणत्या क्रमाने होते याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. खाचेत अडकणारा विशिष्ट वॉशर उलटा बसल्यास किंवा राहून गेल्यास आस जागीच फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. मग गिअरची दुरुस्ती बाजूला राहून नवाच खर्च उभा राहतो. त्यानंतर हबचे झाकण उघडून, सर्क्लिप काढून थाळी बाहेर घेता येते. आसावरील ती छोटी चावी याच वेळी पडून हरवते, हे लक्षात ठेवावे. मोटारीचे चुंबक जोरदार असतात. लोखंडाचा कीस असलेल्या टेबलावर हे काम करू नये.

नवी चक्रे घेताना दातांची संख्या, बाहेरील व्यास, जाडी आणि मधल्या बेअरिंगचे छिद्र ही चारही मापे जुळली पाहिजेत. एकच चक्र तुटले असले तरी तिन्ही बदलावीत, अन्यथा भार समान वाटला जात नाही. जुन्या ग्रीसमध्ये मिसळलेला नायलॉनचा चुरा पूर्ण पुसून काढावा. मोटारीच्या गुंडाळीवर मात्र रॉकेल वा पेट्रोल ओतू नये. दातांवर लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरे. क्लचमध्ये घट्ट ग्रीस ठासले तर तो पकडेनासा होतो. गंजावर मारायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे.

गुंडाळीला जळका वास येत असेल किंवा ती काळवंडली असेल, तर केवळ गिअर बदलून भागणार नाही. तेव्हाही चाक टाकून देण्यापूर्वी त्याच मॉडेलचा आतील संच मिळतो का, हे विचारावे. तो जुन्याच हबमध्ये बसतो. तारा नव्याने भरण्याचे व चाकाचा ‘आउट’ काढण्याचे काम वाचते. संच मिळत नसेल तर पूर्ण चाक घेताना व्होल्टेज, आसाची रुंदी, ब्रेकचा प्रकार आणि वायरची जोडणी तपासावी. अधिक ताकदीची मोटार बसवण्याचा मोहही तपासून पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील सवलत २५० वॅटपेक्षा कमी शक्ती व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असणाऱ्या वाहनांनाच आहे. त्यापुढे नोंदणी, विमा व परवाना आला.

युरोपात राहणाऱ्या वाचकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. नेदरलँड्स व जर्मनीतील अनेक सायकलींत मोटार पेडलांजवळ असते आणि मागील हबमध्ये वेग बदलण्याचे गिअर असतात. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९०२ च्या सुमारास रूढ केलेल्या तीन गतींच्या हबचेच हे वंशज. येथे मोटारीचा सारा जोर साखळीवाटे या गिअरवर येतो. तथापि गिअर घसरू लागले म्हणजे ते तुटलेच असे नाही. बऱ्याचदा केबल सैल झालेली असते. शिमानोच्या आठ गतींच्या नेक्सस हबमध्ये चौथा गिअर टाकून हबवरील दोन पिवळ्या खुणा एका रेषेत आहेत का, एवढे पाहिले तरी निदान होते. खुणा जुळवूनही गिअर घसरत असतील, तर आतील संच बदलता येतो. मात्र गिअर बदलताना क्षणभर पेडलवरील दाब कमी करण्याची सवय नसेल, तर नव्या संचाचेही तेच होते.